हिरवं बटण

एक्सेलमध्ये माझा हात धरणारा माणूस अख्ख्या चाकणमध्ये नाही! असं मी छाती फुगवून सांगायचो. तेव्हाच कुणीतरी माझ्या तोंडात बोळा कोंबायला हवा होता.

आमचं समुपदेशन केंद्र चाकणला, कांदा मार्केटच्या मागे. खर्च एक कंपनी करायची. लोकांचं ऐकून घ्यायला मिनलताई आणि माहिती भरायला मी, कुलदीप. एक दिवस कंपनीचा अजिंक्य लॅपटॉप घेऊन घामाघूम होऊन आला. म्हणाला, "सर, यापुढे फंड क्वालिटीवर! किती पेशंट बरे झाले, ते मोजून दाखवा."

"एवढंच ना? सोड माझ्यावर!"

मी दाराशी मशीनच बसवलं! हिरवा हसरा चेहरा, पिवळा गप्प, लाल रडका. बाहेर पडताना बटण दाबायचं, की आकडा थेट माझ्या आणि कंपनीच्या स्क्रीनवर! माहिती, फंड, क्वालिटी, सगळं एका वायरीत! मशीनला हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले.

गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, त्यामुळे आमच्याकडे गर्दी. संध्याकाळी स्क्रीन बघतो तर काय, मिरच्या वाळत घातल्यागत लालेलाल!

"ताई, हे काय हो?"

"अरे, माणसं इथे रडायला येतात," मिनलताई म्हणाल्या. "रडून बाहेर पडल्या पडल्या हसरं बटण कोण दाबेल?"

"आणि फंड?"

"तो तू बघ बाबा."

बघितला की! पुढच्या गुरुवारी बाकांसमोर उभा राहून भाषणच ठोकलं. "मंडळी, हिरवं आलं नाही तर फंड बंद! फंड बंद, की मिनलताईंची नोकरी गेली!"

कडेला तळवड्याचे कोंडाजी बसले होते. त्यांचा भीमराज कंपनी सुटल्यावर मोटारसायकलवरून घरी येताना कंटेनरखाली गेला. एकुलता एक. तेव्हापासून म्हातारा घरात कुणाशी बोलायचा नाही. बोलायचा तो इथं, ताईंशी.

"व्हय रं, ताईची नोकरी जाईल?" त्यांनी विचारलं.

"जाणारच की, आबा!"

"मग न्हाई जाऊ द्यायची."

आणि काय सांगू राव, हिरवंच हिरवं! एक मावशी तर दोनदोनदा दाबायच्या. "असू दे जास्तीचं, ताईला कमी नको पडाया!" कोंडाजी अंगठा असा रेटून दाबायचे, जणू खरेदीखतावर उठवतायत.

आता मंडळी आतसुद्धा बरी झाली! ताईंनी "कसं वाटतंय?" विचारायचा अवकाश, "एकदम झकास!"

"कुलदीप, आबा आज लगेच उठले," ताई काळजीनं म्हणाल्या. "भीमराजचं नावसुद्धा काढलं नाही. म्हणे, बरं हाय. मला काही ठीक वाटत नाही."

"ताई, स्क्रीन बघा की! बरे झाले ते!"

मग एक दिवस अजिंक्य पुष्पगुच्छ घेऊन हजर. "अभिनंदन सर! शंभर टक्के लोक बरे! साहेब जाम खूश!"

"म्हणजे फंड वाढला?"

"फंड कशाला, सर? आता पेशंटच उरले नाहीत! केंद्र या महिन्यात बंद. मशीन मात्र साहेबांना फार आवडलं. कॅन्टीनला लावणार आहेत!"

निरोपसमारंभ झाला. ताईंना पुष्पगुच्छ मिळाला आणि नोकरी गेली. सगळ्यात छान बरे झाले म्हणून कोंडाजींना शाल आणि श्रीफळ! टाळ्या थांबल्या, लोक पांगले. आबा मात्र नारळ मांडीवर घेऊन बाकावरच बसून. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

मी शेजारी टेकलो. "आबा, तुम्ही तर बरे झाला होतात ना?"

"एक दिस बी न्हाई, लेका."

"मग हिरवं का दाबलंत हो?"

"तूच म्हनलास की, ताईची नोकरी जाईल. मला एक मानूस गेल्यालं लई झालं." शालीच्या टोकानं त्यांनी डोळे पुसले. "आता भीमाचं कुनाला सांगू रं?"

तेवढ्यात अजिंक्य ते मशीन काखोटीला मारून समोर उभा. "सर, कार्यक्रम कसा वाटला? एक बटण प्लीज!"

असा संताप आला म्हणता! माझं बोट सरळ लालकडे निघालं. कोंडाजींनी मनगट धरलं.

"हिरवं दाब," ते हळूच म्हणाले. "त्या पोराची बी नोकरी असंल."

दाबलं, राव.