कुंदामावशीची कोरी इंजिनं

कुंदामावशीच्या घरात शिरण्याआधी दाराच्या चौकटीकडे बघावं लागतं. तिथे तोरणाच्या खिळ्याला तिने वीतभर उंचीचा सिग्नल अडकवला आहे. हिरवा असला तर आत या. लाल असला तर बाहेर गॅलरीत उभे राहा. मग तुम्ही पोस्टमन असा, मतं मागायला आलेले उमेदवार असा, नाहीतर प्रसादाची वाटी घेऊन आलेली माझी बायको असा. आतून आवाज येतो, "लाइन क्लिअर नाही!" पाठोपाठ खडखड करत एक आगगाडी कॉटखालून बाहेर येते, ओट्याच्या पायांना वळसा घालते, देव्हाऱ्यासमोर शिटी देते आणि कपाटामागे नाहीशी होते. मग सिग्नल हिरवा होतो.

एकदा गॅसवाला खांद्यावर भरलेलं सिलिंडर घेऊन असाच अडकला होता. "मौसी, भारी है!" तो कळवळून म्हणाला. मावशी आतून शांतपणे म्हणाली, "तो नीचे रखो. मालगाडी है, टाइम लगेगा."

आमची चाळ फणसवाडीत, तिसरा मजला. भिंतीपलीकडे मावशी, अलीकडे आम्ही. मी पन्नाशीला टेकलोय, ती सत्त्याहत्तरची आहे. नात्याने ती माझी कोणी नाही. अख्ख्या वाडीची मावशी, तशी माझीही. बॅलार्ड इस्टेटमध्ये एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात पस्तीस वर्षं टायपिस्ट होती. लग्न केलं नाही. का, म्हणून माझ्या आईने एकदा विचारलं, तेव्हा म्हणाली, "दोनदा सिग्नल पडला होता गं, पण गाडीच आली नाही." आई हसली आणि मावशी आईपेक्षा जास्त हसली.

तिच्याकडे तेवीस इंजिनं आहेत. काही चावीची, पत्र्याची, माझ्या आजोबांच्या वयाची. काही विजेवर चालणारी. डबे किती ते मी मोजले नाहीत. दोन पूल, एक बोगदा आणि रेल्वेचं फाटक. फाटकाच्या दोन्ही बाजूंना बोटभर लांबीच्या जुन्या मोटारी, एक दुधाचा ट्रक आणि एक लाल डबलडेकर बस, सगळ्या तोंड रुळांकडे करून उभ्या. मला कळायला लागल्यापासून त्या तिथेच उभ्या आहेत. "एखादी तरी पलीकडे जाऊ दे की," मी एकदा म्हटलं. "वा रे! आणि मग माझ्या गाडीकडे बघत कोण थांबणार?" मावशी म्हणाली.

हा सगळा संसार लिलावातून गोळा झालेला. पूर्वी फोर्टमध्ये रविवारी जुन्या घरांतल्या सामानाचे लिलाव व्हायचे. कोणी परदेशी जायला निघालेलं असे, कोणाच्या मागे सांभाळायला कोणी नसे. तिथे आरसे, पियानो, झुंबरं यांच्या ढिगात कधीतरी एखादं खेळण्यातलं इंजिन निघे. मावशी लिलावाला जरीकाठी साडी नेसून, अंबाड्यावर गजरा माळून जायची. लोकांना वाटायचं, वाट चुकून मुंजीऐवजी इकडे आली. पण तिचं म्हणणं असं की एकाचं घर आवरलं जातंय आणि त्यातलं काहीतरी आपण आपल्या घरी आणतोय, तर निदान घ्यायला आलेल्या माणसाने नीट कपड्यांत यावं.

लिलावाची रीत मात्र तिला कधीच मान्य झाली नाही. पहिल्याच खेपेला लिलाव करणारा म्हणाला, "पन्नास." मावशीने हात वर केला आणि म्हणाली, "पस्तीस."

"बाई, इथे वर जायचं असतं."

"का म्हणून? भुलेश्वरला फ्लॉवर घेतानासुद्धा मी कधी वर गेले नाही. चाक बघा त्याचं, लटपटतंय. पस्तीस."

हॉल हसायला लागला. दुसरं कोणी बोली लावेना. लिलाव करणाऱ्याने आणखी दोनदा 'पन्नास' पुकारून पाहिलं, दोन्ही वेळा मावशीने त्याला चाक दाखवलं, आणि शेवटी त्याने कंटाळून चाळिसावर हातोडा आपटला. घरी आल्यावर मावशीला हळहळ वाटत होती, की आणखी ताणलं असतं तर अडतिसात दिलं असतंन.

हल्ली लिलाव मोबाइलवर होतात. बोलीचं बटण दाबायला मला बोलावणं येतं. मावशी शेजारी बसून मोबाइलला मोठ्याने सांगते, "जास्त सांगताय हो!" पलीकडून कोणी ऐकत नाही हे मी तिला अनेकदा समजावलं आहे. पण तिची एक सवय मला फार उशिरा लक्षात आली. समोरच्याने लागोपाठ तीन वेळा बोली वाढवली की मावशी माझा हात धरते. "सोड रे, सुध्या. त्याला हवंय ते. तीनदा वाढवलंन म्हणजे घरी कोणीतरी वाट बघत असणार." अशा उदारपणात तिची किमान दहा इंजिनं गेली. मला राग यायचा, कारण बटण दाबून दाबून मलाच चेव चढलेला असायचा.

मग यंदा चाळ पाडायचं नक्की झालं. नवी इमारत होईपर्यंत राहायला नायगावात एकेक खोली मिळणार होती. मी मावशीला घेऊन ती खोली बघायला गेलो. तिने आत पाऊल टाकलं, चारी भिंतींकडे नजर फिरवली आणि म्हणाली, "वळण बसत नाही." एवढंच. त्यानंतर पंधरा दिवस तिच्या दारावरचा सिग्नल सकाळ-संध्याकाळ हिरवा होता. कोणीही केव्हाही सरळ आत जावं. गॅसवालासुद्धा मला विचारून गेला, "मौसी की तबियत ठीक है ना?"

सोळाव्या दिवशी तिने मला हाक मारली. "ते तुझ्या मोबाइलवरचे लिलाववाले आहेत ना, त्यांना बोलाव. सगळी रेल्वे एकदम देऊन टाकते. खोक्यात घालून पलंगाखाली कोंडायची नाही मला. चालवणाऱ्याकडे जाऊ दे."

मी फोन केला.

शनिवारी दुपारी कंपनीकडून सामंत नावाचे गृहस्थ आले. चाळिशीचे, अंगात कोट, हातात पांढरे हातमोजे, खिशात भिंग. मावशीने जरीकाठी साडी नेसली होती. त्यांच्या स्वागतासाठी तिने मेल गाडी सोडली, त्यामुळे त्यांनाही उंबरठ्यावर पाच मिनिटं तिष्ठावं लागलं. पण माणूस रसिक होता. गाडी कपाटामागे गेली तेव्हा त्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या. मग चटईवर मांडी घालून त्यांनी एकेक इंजिन हातात घेतलं, भिंगातून पाहिलं, आणि चौथ्या इंजिनापर्यंत त्यांचा चेहरा उतरला.

"मॅडम, या सगळ्यांवर पुढच्या बाजूला हा लाल डाग कसला?"

"डाग कुठला? तो हेमू आहे," मावशी म्हणाली.

सामंतांनी माझ्याकडे पाहिलं. मी खुलासा केला. दसऱ्याला आपण स्कूटर धुतो, टॅक्सीला हार घालतो, शिवणयंत्राला फूल वाहतो. मावशीच्या मते इंजिन हे वाहन, मग ते वीतभर का असेना. म्हणून दर दसऱ्याला वाडीतली पोरं तिच्याकडे जमायची. एकेका पोराला एकेक इंजिन वाटून दिलेलं. आधी तेलाचं बोट, त्यावर कुंकू, म्हणजे टिळा गळत नाही. मग ज्याचं इंजिन त्याने चालवायचं, आणि मालगाडीतून साखरफुटाणे यायचे. तेल आणि कुंकू वर्षानुवर्षं त्या जुन्या रंगात मुरलं होतं.

"हेमू हल्ली कॅनडात असतो," मावशी सांगत होती. "ही हिरवी शुभाची. तिला घाई फार, म्हणून दोन बोटं उमटलीत. हा पक्या. आणि हा समोर बसलाय तो सुध्या, पाच वर्षांचा होता, अख्खा अंगठा बुडवलान मेल्याने."

मी माझं इंजिन हातात घेतलं. तपकिरी रंगाचं, आणि त्याच्या कपाळावर खरंच माझा अंगठा होता. केवढासा!

सामंत अवघडले. "मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. आमच्याकडे भाव असतो तो हात न लागलेल्या वस्तूला. खेळण्याशी कोणी खेळलंच नसेल तर सगळ्यात उत्तम. आमचा माणूस हे पुसून देईल. रंग थोडा जाईल, पण डाग राहणार नाही."

"पोरं पुसायची?" मावशी म्हणाली. ती चिडली नव्हती. खरोखरच तिला नीट ऐकू आलं नसावं अशा सुरात तिने विचारलं. मग स्वतःच उत्तर दिलं, "नाही हो. ही राहू देत. पलंगाखाली तर पलंगाखाली."

सतरा इंजिनं तिने आपल्या बाजूला ओढली. उरली सहा. सामंतांनी ती उचलली आणि त्यांचे डोळे लकाकले. एकावरही ओरखडा नाही, डाग नाही. निळ्या रंगाचं एक तर असं होतं की ते म्हणाले, "हे कॅटलॉगच्या कव्हरवर घेऊ."

"न्या," मावशी म्हणाली. "ह्यांच्यावर कोणाचं काही नाही."

मी बावळटासारखं विचारलं, "मावशी, ही सहा कशी काय कोरी राहिली?"

"ही मागाहून घेतलेली. तोवर तुम्ही सगळे मोठे झालात. कोणी बोरिवलीला, कोणी डोंबिवलीला. दसऱ्याला मी मांडून ठेवायचे रे, तेलाची वाटीबिटी सगळं. दोन-तीन वर्षं ठेवलं."

"मग तू लावायचंस."

"मी लावलं तर ते नुसतं कुंकू," मावशी म्हणाली आणि हसली.

मला फार शरम वाटली. बोरिवली आणि कॅनडावाल्यांचं एक ठीक आहे. मी कुठे गेलो होतो? दर दसऱ्याला मी खाली स्कूटरला झेंडूचा हार घालत होतो. वर येताना मावशीच्या दारात आपट्याचं पान द्यायचो, सिग्नल लाल असला तर ते कडीला खोचून घरी श्रीखंड खायला जायचो. आमच्या दोघांमधली भिंत नऊ इंचांची आहे. आत तेलाची वाटी मांडलेली असेल हे माझ्या मनातही आलं नाही.

मी उठलो. देव्हाऱ्यातला करंडा घेतला, समईतल्या तेलात बोट बुडवलं आणि कव्हरवरच्या त्या निळ्या इंजिनाच्या कपाळावर टेकवलं.

"अहो, अहो!" सामंत ओरडले.

"सुध्या, गाढवा, आज दसरा आहे का?" मावशी म्हणाली.

"नसू दे," मी म्हटलं आणि वर कुंकू लावलं. टिळा तिरका गेला.

मावशीने पदराने डोळे पुसले, मग भिंग पुसावं तसा चष्मा पुसला. उरलेली पाच इंजिनं तिने एकदा न्याहाळली, त्यातलं काळं उचललं आणि करंड्यासकट सामंतांच्या पुढ्यात सरकवलं.

"मॅडम, भाव निम्मा होईल," सामंत म्हणाले. पण बोलता बोलता ते उजव्या हातातला मोजा काढत होते.

"होऊ दे. तेल आधी लावा," मावशी म्हणाली. "आणि नाव पूर्ण सांगा तुमचं. मला लक्षात ठेवावं लागतं."