दिघेजींची बटनं

आमच्या ऑफिसात कोणी कोड कॉपी केला, की तीन टेबलं पलीकडे बसलेल्या दिघेजींना त्याचा वास येतो. खुर्ची सरकवत येतात, कॉपी करणाऱ्याच्या माउसवर हात ठेवतात आणि दमलेल्या आवाजात म्हणतात, "भिया, दोबारा नाही लिहायचं. कॉम्पोनंट बनव."

मी बाई आहे, सांगलीची आहे, हे त्यांना चांगलं माहीत आहे. तरी मी भियाच, म्हणजे इंदुरी भाऊ. इंदुरात नवी होते तेव्हा दोन दिवस मी मागे वळून बघायची, हे कोणाला बोलतायत म्हणून.

कॉम्पोनंट म्हणजे वेबपानाचा सुटा तुकडा. बटन, तारखेची चौकट, असं काहीबाही. एकदा नीट लिहून ठेवायचा आणि लागेल तिथे बसवायचा. पण तो लिहायच्या तऱ्हा अनेक, आणि प्रत्येक नव्या साहेबाची लाडकी तऱ्हा वेगळी. एकाने सगळे 'क्लास' नावाच्या साच्यात लिहायला लावले. दुसऱ्याने दिसणं, वागणं आणि रंग एकाच फाइलीत कोंबायला लावले. तिसऱ्याने ते पुन्हा वेगळे काढले. आताच्या साहेबांना फक्त 'फंक्शन' नावाचा साचा हवा. बटन तेच, निळं. दाबल्यावर व्हायचं तेही तेच.

"दोबारा नाही म्हणणारे तुम्ही!" मी एकदा चिडवलं.

"दोबारा कुठे? चौथी बार आहे," ते म्हणाले. हसलेसुद्धा नाहीत. "आमचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. हुकूम आला की तंबू उखाडायचे, दुसरीकडे गाडायचे. मी तेच करतो, एसीत बसून."

साडेपाचला मात्र ते उठत. काम अर्धं राहो, साहेब समोर उभे राहोत, डबा पिशवीत आणि दिघेजी जिन्यात. ऑफिसात त्यावर बरंच बोललं जाई. मीही बोलायची.

मग एका शनिवारी मी नव्याने लिहिलेल्या तारखेच्या चौकटीने घोळ घातला. एका दवाखान्याच्या वेबसाइटवर प्रत्येक पेशंटचा वाढदिवस एक दिवस आधी दिसायला लागला. जुनी चौकट दिघेजींची, आणि ते रजेवर. फोन उचलेनात. शेवटी लॅपटॉप घेऊन मी तुकोगंजहून रिक्षाने सुदामा नगर गाठलं.

दार त्यांनीच उघडलं. दोन्ही हात कणकेने भरलेले. "अरे भिया! या, या."

खिडकीशी खुर्चीत त्यांची बायको बसली होती. "ही मालती. लकवा झाला तेव्हापासून बोलता येत नाही. समजतं सगळं," ते म्हणाले. वहिनींच्या मांडीवर टॅबलेट होता, त्यावर मोठी मोठी बटनं: पाणी, चहा, पंखा, दुखतंय. त्यांनी डाव्या हाताने एक दाबलं. "चहा," टॅबलेट दिघेजींच्याच आवाजात म्हणाला. दिघेजींनी हात धुऊन आधण ठेवलं.

चहा होईस्तोवर माझी चूक सापडलीही. मग त्यांनी हौसेने मला त्या बटनांचा कोड दाखवला, आणि मी बघतच राहिले. एकाखाली एक, प्रत्येक बटन वेगळं लिहिलेलं. तोच मजकूर, पुन्हा पुन्हा.

"दिघेजी, हे एका कॉम्पोनंटमध्ये होईल. दहा मिनिटांत करून देते."

"माहीत आहे ना." त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला आणि वहिनींजवळ स्टूल ओढून बसले. "रोज शामला, ऑफिसातून घरी आलो की, एक लिहितो. हिच्याजवळ बसून. कोणता शब्द पाहिजे ते ही डोळ्यांनी सांगते, मी चुकतो, ही चिडते, कधी कधी घंटाभर जातो. सगळं एकदम होऊन गेलं, तर शामला आम्ही दोघांनी बोलायचं काय?"

मी लॅपटॉप मिटला.

वहिनींनी टॅबलेटवर बोट टेकवलं. "अहो, ऐकलं का?" टॅबलेटमधून दिघेजींचाच आवाज आला.

अगदी खेटून बसलेले दिघेजी लगेच त्यांच्याकडे वळले.

"हां, बोल," ते म्हणाले.