पोरगी हवेत असताना

काळेवाडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी अण्णांची पिठाची गिरणी आहे. एखाद्या दिवशी तिथं जमिनीवर इतकं पीठ साचलेलं असतं की पावलं उमटतात. नवीन भाडेकरू नाकं मुरडतात. आम्हा जुन्यांना कळतं, अण्णांची ललिता विमानात बसलीय.

माणूस प्रवासाला निघालं की पोचेपर्यंत मागं केर काढायचा नाही, ही आपल्याकडची जुनीच रीत. आम्हीही पाळतो. पण आमची माणसं जाणार चऱ्होलीला; चहाचं आधण ठेवावं, तोवर पोचल्याचा फोन. ललिता राहते टोरांटोला. आणि बायको गेल्यापासून अण्णांचं घर म्हणजे गिरणीच. झोपतातही तिथंच, माळ्यावर.

यंदा दिवाळीच्या तोंडावर मी भाजणी घेऊन गेले, तर पुन्हा तेच.

"अण्णा, झाडू कुठाय?"

"पोचू दे, वहिनी."

हे त्यांचं सगळ्यालाच उत्तर. जेवलात का, पोचू दे. गुडघा कसाय, पोचू दे.

या खेपेला ललिता कंपनीच्या कामाला टोरांटोहून सिडनीला निघाली होती. अण्णांनी मला फोनवर दाखवलं. साडेपंधरा हजार किलोमीटर, मधे विमान बदलायचं, सगळं धरून एक दिवस.

"एका दिवसात कसं जमंल?" अण्णा म्हणाले. "आपला टेम्पो चाकणच्या चौकातच निम्मा दिवस खातो."

"वर चौक नसतो," माझ्यामागं उभी असलेली शकू म्हणाली.

त्यात आणखी घोळ. बाई निघाली सोमवारी रात्री आणि पोचणार बुधवारी सकाळी. शकूनं बोटांवर वार मोजले. "मग आजचा मंगळवार तिला मिळालाच नाही?"

"न्हाई. तिकडं असंच असतंय. समुद्रावरून जाताना एक वार गळतोय."

"आम्हाला मिळालाय ना? मग आमच्या मंगळवारचा केर काढा. नाहीतर मी चालले पिंपळे गुरवला दळायला."

"जा. पोचलीस की फोन कर. तवर तुझ्यासाठी बी झाडू धरत न्हाई."

शकू डबा उचलून खरंच गेली. तिच्यामागं आणखी दोघी. सणाची गिऱ्हाइकं अशी डोळ्यांदेखत चाललेली मला बघवेना.

म्हटलं, "अण्णा, रीत नीट समजून घ्या. माणूस ज्या घरातून निघतं, त्या घरचा केर काढायचा नाही. ललिता तिकडच्या घरातून निघालीय. तुम्ही खुशाल झाडा."

अण्णांनी गिरणी बंद केली. त्या घरघरीची एवढी सवय, की एकदम कान बसल्यासारखं झालं.

"तिकडच्या घराला ती कुलूप लावून निघती, वहिनी," ते म्हणाले. "मागं केर न काढता थांबणारं कुणी न्हाई."

मी डबा तिथंच ठेवला. चकल्या एक दिवस उशिरा झाल्या तर कुणी उपाशी राहत नाही.

घरी आले तर सून झाडू घेऊन दारातच. म्हटलं, "आज राहू दे गं."

"का? कोण गेलंय आपल्याकडचं?"

"ललिता," मी म्हटलं. "अजून पोचायचीय."