सातव्या मजल्याचा रंग

पांढऱ्यावर काळं करणं हा मानवजातीने शतकानुशतकं मुकाट्याने सोसलेला अन्याय आहे, हे आता सर्वमान्य झालं आहे. (सर्वमान्य म्हणजे, लिफ्टचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या एका कंपनीच्या कचेरीत, खिडकीकडच्या रांगेत.) या अन्यायाविरुद्ध पहिला आवाज उठवण्याचा मान रंगरावांकडे जातो. रंगराव हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ही पदवी त्यांना शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवालीने बहाल केली आणि त्यांनी ती मानाने स्वीकारली. तिने ती मानाने दिली नव्हती, पण पदव्यांच्या बाबतीत एवढं खोलात कुणी जात नाही.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा. प्रोग्रॅम म्हणजे यंत्राला दिलेले हुकूम, ओळीखाली ओळ. दार उघड, दार लाव, पाचव्यावर थांब, सहाव्यावर थांब. हे हुकूम ज्यात लिहितात त्याला एडिटर म्हणतात, आणि या एडिटरला बजावून ठेवता येतं की हुकूम निळे दाखव, आकडे नारिंगी दाखव, अवतरणातला मजकूर हिरवा दाखव. यंत्राला यातलं काही कळत नाही. त्याला हुकमाशी मतलब. हुकमांच्या जोडीला टिपणंही असतात. ओळीच्या आरंभी दोन तिरक्या रेघा मारल्या की ती ओळ टिपण होते. यंत्र ती वाचत नाही, माणसाने वाचावी अशी अपेक्षा असते. एखाद्या हुकमापुढे याच दोन रेघा मारल्या तर त्याचंही टिपण होतं, आणि यंत्राच्या लेखी तो हुकूम मेला. रेघा पुसल्या की पुन्हा जिवंत. इतकी साधी सोय आहे.

रंगराव ज्या इमारतीत राहत, तिथली लिफ्ट त्यांनीच लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चाले. सर्वांत वरच्या, म्हणजे सातव्या मजल्यावर ते, त्यांची बायको आणि वडील अण्णा. अण्णांच्या दोन्ही गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिला होता, पण रोज संध्याकाळी लिफ्टने खाली जाऊन फाटकाजवळच्या बाकावर बसायचं आणि तीन समवयस्कांच्या मदतीने जगाची सालटी काढायची, हा त्यांचा नेम होता. डॉक्टरांच्या गोळ्या सकाळी आणि बाक संध्याकाळी, यावर त्यांची गाडी चालली होती.

आणि एके दिवशी लिफ्टने सातव्या मजल्यावर यायचं सोडून दिलं.

बटण दाबलं की दिवा लागे. लिफ्ट रुबाबात सहाव्यापर्यंत येई, दार उघडे आणि पुढचं तुमचं तुम्ही बघा, अशा चेहऱ्याने उभी राही. मिस्त्री आला. त्याने दोर बघितले, मोटर बघितली, वायरी ओढून बघितल्या.

"माझ्या हाताला काही लागत नाही साहेब," तो हात पुसत रंगरावांना म्हणाला. "बिघाड डोक्यात आहे."

"कुणाच्या?"

"लिफ्टच्या. म्हणजे तुमच्याच."

रंगरावांनी त्याच दिवशी अण्णांना शब्द दिला. "एका ओळीचं काम आहे अण्णा. बसलो की झालं."

"मग बस की."

"असं कसं बसता येईल? बसायच्या आधी तयारी लागते."

अण्णा दारात खुर्ची टाकून समोरच्या लिफ्टच्या दाराकडे बघत बसले. दाराला नुकताच नवा बदामी रंग दिलेला होता. दार छान दिसत होतं. उघडत तेवढं नव्हतं.

आता तयारीविषयी. रंगहीन पडद्यावर चूक शोधणं म्हणजे अंधारात सुई शोधणं, हे रंगरावांचं ठाम मत होतं. म्हणून आधी उजेड. हुकमांसाठी त्यांनी निळा घेतला, पण निळ्यात अधिकार असावा, दरारा नसावा, या कसोटीवर आठ निळे बाद झाले आणि मोरपंखी उरला. आकड्यांना अबोली दिला. मग अबोली आकडे लाजल्यासारखे वाटू लागले (लिफ्टच्या धंद्यात सात हा आकडा लाजून चालत नाही), म्हणून गुलबक्षी. अवतरणातला मजकूर आधी पिस्ता, मग पोपटी, मग पुन्हा पिस्ता, पण या खेपेला विचारपूर्वक. कंस कुठल्या रंगाचे असावेत यावर त्यांनी जेवणाची सुट्टी खर्च केली, आणि जेवताना डब्यात काय होतं हे त्यांना विचारलं असतं तर फक्त त्याचा रंग सांगता आला असता.

टिपणांचा निकाल मात्र त्यांनी या मोहिमेच्या पहिल्याच सकाळी लावून टाकला होता. टिपणं म्हणजे बैठकीत मध्येमध्ये बोलणारी माणसं. यंत्रसुद्धा ज्यांना विचारत नाही, त्यांचं आपण का ऐकावं? त्यांनी टिपणांना आधी राखाडी रंग दिला. मग फिकट राखाडी. मग त्याहून फिकट. शेवटी मागच्या पडद्याचा जो काजळी रंग, तोच तंतोतंत. टिपणं होती, पण त्यांचा त्रास नव्हता. या व्यवस्थेला रंगरावांनी ‘प्रसन्न’ असं नाव दिलं.

"रंगराव, लिफ्टचं काय झालं?" चष्मेवाली विचारी.

"पाया घालतोय."

"घर पडलंय आणि तुम्ही पाया घालताय! द्या इकडे ती फाइल, मी बघते."

"तुझ्या त्या पांढऱ्याफटक पडद्यावर? डोळे जातील तुझे."

"डोळे जाऊ देत. लिफ्ट तरी सातव्यावर जाईल."

अशा वृत्तीला आळा घालणं गरजेचं होतं. मोठ्या साहेबांनी रंगरावांचा पडदा येताजाता पाहिला होता. त्यावर काय लिहिलंय ते त्यांना कळत नसे, पण दिसतं छान हे कळलं, आणि वरिष्ठ पदाला तेवढं पुरतं. रंगसंगती समिती स्थापन झाली. अध्यक्ष मोठे साहेब, निमंत्रक रंगराव. समितीने पाहणी करून असा निष्कर्ष काढला की रंग आल्यापासून कर्मचाऱ्यांचा उत्साह चाळीस टक्क्यांनी वाढला आहे. (कामाबद्दलचा प्रश्न पाहणीत नव्हता, कारण त्याने उत्तरं लांबतात.) त्यानंतर आदेश निघाला:

"सर्व कर्मचाऱ्यांच्या एडिटरमध्ये ‘प्रसन्न’ ही एकमेव रंगसंगती लागू करण्यात येत असून, समितीच्या लेखी परवानगीशिवाय कोणताही रंग बदलता, उजळता अथवा पुसता येणार नाही."

चष्मेवालीचा पांढरा पडदा त्याच दुपारी काजळी झाला. "गेला बाई उजेड," एवढंच ती म्हणाली.

आता रंगरावांना लिफ्टकडे बघायला फुरसत मिळाली. त्यांनी फाइल उघडली आणि क्षणभर त्यांचं त्यांनाच भरून आलं. मोरपंखी हुकूम, गुलबक्षी आकडे, पिस्ता मजकूर, सगळं कसं जिथल्या तिथे. त्यातही सहाव्या मजल्याच्या हुकमानंतर दोन ओळींची मोकळी काजळी जागा होती, ती तर त्यांच्या मनात भरली. मजकुराला श्वास घ्यायला अशी जागा हवी. ही जागा आपणच कधी सोडली हे त्यांना आठवेना, पण चांगल्या कलाकृतीत असं होतं. त्यांनी मोठ्या साहेबांना बोलावून ती दाखवली. साहेब दोन पावलं मागे सरून म्हणाले, "वा! इथे डोळ्याला विसावा मिळतो." फाइल वाचायची तेवढी राहिली.

दुसऱ्या दिवशी घरातून निघताना रंगराव जोडे घालत म्हणाले, "अण्णा, आज संध्याकाळी नक्की. सगळं मनासारखं झालंय."

अण्णांनी मुलाच्या शब्दावर विश्वास ठेवला. (वय झालं की असं होतं.) दुपार कलल्यावर ते कठडा धरून, कण्हत, एक मजला उतरले, सहाव्यावरून लिफ्टने खाली गेले आणि कितीतरी दिवसांनी बाकावर बसले. तिथे त्यांनी "पोराने दुरुस्त केली हो लिफ्ट, आता वर जाताना काळजी नाही," असं तिघांनाही सांगितलं.

नेमक्या त्याच वेळी कचेरीत एक औपचारिकता उरली होती. ‘प्रसन्न’ला समितीची अंतिम मंजुरी सहीनिशी हवी होती, आणि सही कागदावरच करता येते. नमुना म्हणून अर्थात लिफ्टचीच फाइल निवडण्यात आली. तिची छापील प्रत काढली. कचेरीतल्या छपाईयंत्रात फक्त काळी शाई असते. त्यामुळे कागदावर सगळं काळं उमटलं: हुकूम काळे, आकडे काळे, अवतरणं काळी. समितीने प्रत हातोहात फिरवली. "रंग काय उठून दिसतायत," एक सदस्य म्हणाले. दुसऱ्यांना गुलबक्षी किंचित भडक वाटला, पण त्यांनी बहुमताचा आदर केला. सगळ्यांच्या सह्या झाल्या.

प्रत शेवटी रंगरावांच्या हाती आली. त्यांची नजर सवयीने डोळ्याच्या विसाव्याकडे गेली. विसाव्याच्या जागी दोन ओळी होत्या. दोन्हींच्या आरंभी तिरक्या रेघा. पहिलीत लिहिलं होतं:

"सातव्या मजल्याच्या दाराचा रंग ओला आहे, म्हणून एक दिवस बंद. उद्या आल्याआल्या या रेघा पुसणे."

दुसरी ओळ होती, सातव्यावर थांब.

टिपण त्यांचंच होतं. दार रंगवणाऱ्याने विनंती केली होती, ओल्या रंगाला कुणाचा हात लागू नये म्हणून त्यांनीच हुकूम बंद केला होता, आणि लक्षात ठेवावं लागू नये म्हणून टिपण लिहून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी ते आल्याआल्या रंगांकडे वळले.

फोन वाजला. बायको होती.

"अहो, अण्णा मधल्या जिन्यात बसलेत. लिफ्टने सहाव्यावर सोडलं, तिथून अर्धा जिना चढले आणि संपलं. वर येववत नाही, खाली जाववत नाही. तुम्ही म्हणालात ना सकाळी, झालं म्हणून?"

"अगं, सापडलं! दोनच रेघा आहेत."

"मग पुसा की!"

"दिसत नाहीत."

मग ती म्हणाली, "चष्मा लावा."

मागून अण्णांचा आवाज आला. "दे जरा मला. अरे, ऐक. माझ्या तोंडाचा रंग उडालाय इथे. तेवढा तुझ्या यादीत धर."

रंगरावांचं काळीज हललं. ते धावतच जागेवर गेले. पडद्यावर सहाव्याच्या खाली तीच सुरेख काजळी शांतता होती. त्यांनी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. लिफ्टच्या धंद्यात न दिसणाऱ्या ओळीत हात घालायला सुरक्षा नियमांची सक्त मनाई आहे, आणि हा नियम शहाण्यासारखा आहे. तो रंगरावांनीच लिहिला होता.

"मग नवी ओळ लिहा ना खाली, सातव्यावर थांब म्हणून," चष्मेवाली म्हणाली. "उठा, मी लिहिते."

पण आहे तो हुकूम असताना तोच पुन्हा लिहिणं म्हणजे द्विरुक्ती, आणि शिवाय विसाव्याची जागा मंजूर नमुन्याचा भाग होती. तिच्यावर आठ सह्या होत्या. ओळ आधी दिसायला हवी. ओळ दिसायची तर टिपणांना रंग हवा. रंगाला समितीची लेखी परवानगी हवी.

समितीची तातडीची बैठक बोलावण्यात आली, आणि चष्मेवाली फार बोलते म्हणून तिलाही सदस्य करून घेण्यात आलं. प्रकरणाचं गांभीर्य सर्वांना पटलं होतं. एका वृद्ध गृहस्थांचा प्रश्न आहे, तेव्हा रंग सौम्य असावा, असं मोठे साहेब म्हणाले. आमसुली सुचवण्यात आला. तो मोरपंखीशेजारी मरतो असं आढळलं. मोतिया सुचवला गेला. तो कुणाच्याच डोळ्यांपुढे येईना. नमुने मागवण्यात आले. चष्मेवाली पर्स उचलून बाहेर पडली. तिला कुठे जातेस असं विचारलं तेव्हा "म्हाताऱ्याला धरून वर नेते," असं ती म्हणाली, आणि बैठकीतून विनापरवानगी गेल्याची नोंद तिच्या नावावर झाली.

वाचकांना या ठिकाणी समितीचा राग येणं स्वाभाविक आहे. मात्र हे वाचायला बसण्याआधी आपणही चष्मा पुसलात, उशी पाठीशी सारखी केलीत, उजेड बरोबर पडतो ना ते पाहिलंत, आणि कुणीतरी आतून मारलेल्या हाकेला "एवढं संपवून आलोच" असं उत्तर दिलंत. समितीत एक जागा रिकामी झाली आहे, इच्छुकांनी कळवावं.

बैठक चालू आहे. सातव्या मजल्याच्या दाराचा रंग लावल्याच्या दुसऱ्या दिवशीच वाळला होता.