मृताचा प्रकार : इतर

मिरजोळे रस्त्यावरील ‘सागरछाया’ इमारतीत, फ्लॅट क्रमांक ३०२च्या बाल्कनीत, मे महिन्यातल्या एका मंगळवारी सुरणाला फूल आले. ही बाब सर्वप्रथम माश्यांच्या निदर्शनास आली.

त्यानंतर तिथं राहणाऱ्या दमयंतीबाईंच्या. सात वर्षं त्या या फुलाची वाट बघत होत्या. संगमेश्वराकडचं त्यांच्या माहेरचं परसू हायवेच्या रुंदीकरणात गेलं, तेव्हा मशीनच्या पुढ्यातून त्यांनी सुरणाचा मुठीएवढा एक गड्डा उचलून पदरात घेतला होता. माहेरचं म्हणून जगात उरलं होतं ते एवढंच. रंगाच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडून तो त्यांनी लाल मातीत लावला. पावसाळ्यात छत्रीसारखं एकच पान यायचं, दिवाळीनंतर तेही मान टाकायचं, मग सहा महिने नुसती माती. त्या मातीशीही बाई बोलायच्या, “नीज हो, वर ऊन फार आहे.”

आणि आज हे परातीएवढं फूल, जांभळ्या झालरीचं. वास मात्र चार दिवसांच्या मेलेल्या उंदराचा. सुरणाचं लगीन माश्या लावतात, त्यांना अत्तर चालत नाही.

दुपारी सोसायटीचे सेक्रेटरी हर्षद नाकाला रुमाल लावून दारात आले. “बाई, तुमच्याकडे काहीतरी मेलंय.”

“मेलं नाही रे, जन्मलंय.”

“मी पालिकेच्या ॲपवर तक्रार टाकलीय.”

“मग मागे घे.”

“मागे घ्यायचं बटण नाही बाई. एकदा मेलं की मेलं.”

तासाभरात दुर्गंध निवारण कक्षाचा नितेश गोणी, कोयती आणि मोबाइल घेऊन हजर झाला. चौथीत तो बाईंच्याच वर्गात होता. आधी तो पाया पडला, मग फूल बघितलं.

“झकास हाय बाई. पण ह्यात फूल नाय.” त्यानं मोबाइल पुढे केला. मृताचा प्रकार निवडा : उंदीर, मांजर, कुत्रा, गुरे, इतर. “ह्यातलं काय तरी निवडल्याशिवाय पुढचं पान उघडत नाय.”

“वास येत नाही असं लिही.”

“मग तक्रार खोटी ठरते. हर्षदभाऊंवर कारवाई.”

“वास आहेच!” रुमालातून आवाज आला.

“मग जिवंत आहे म्हणून लिही.”

“जिवंताचा वास आमच्याकडे येत नाय बाई. त्याला वेगळा कक्ष हाय. तो अजून स्थापन व्हायचाय.” नितेशनं कोयती काढली. “इतर, सुरण. कापतो, गोणीत भरतो, फोटो काढतो. उद्या तारांकित प्रभाग स्पर्धेचं पथक येतंय. तक्रार उघडी दिसली तर प्रभागाचा तारा जाईल.”

बाई डब्यापुढे उभ्या राहिल्या. “दोन दिवसांत आपसूक मिटतं रे ते.”

“पथक उद्या हाय.”

“त्या ‘इतर’मध्ये काय काय बसतं?”

“कायपण. नाव नि पत्ता लागतो.”

“मग माझं लिही.”

नितेशनं यादीवरून बोट फिरवलं. मग त्याचा चेहरा मोकळा झाला. “तात्पुरतं हां बाई. नंतर दुरुस्ती करून घेऊ. फोटोपुरते डोळे मिटा जरा.”

बाई फुलाशेजारी खुर्चीत बसल्या, डोळे मिटले. मग एक किलकिला करून त्यांनी मोबाइलकडे पाहिलं. “म्रुत नाही रे, मृत. ‘म’ला ऋकार. किती वेळा लिहून घेतलं होतं!”

नितेशनं शुद्धलेखन सुधारलं आणि तक्रार बंद झाली.

बुधवारी पथकानं नाक दाबून कागद तपासला. कागदाला वास नव्हता. तारा मिळाला.

गुरुवारी फूल मिटलं. शुक्रवारी बाई दुरुस्तीच्या खिडकीवर गेल्या. खिडकीतल्या गृहस्थांनी संगणकात बघितलं, मग बाईंकडे, मग पुन्हा संगणकात.

“अर्जदार मृत आहे. मृताचा अर्ज वारसानं करायचा असतो.”

“वारस कोणी नाही.”

“मग हरकत कोणाचीच नाही,” ते समाधानानं म्हणाले.

संध्याकाळी इमारतीतल्या सगळ्यांच्या मोबाइलवर संदेश आला. शेजारच्या यमुनाबाई तो घेऊन बाईंकडे चहाला आल्या. “चष्मा नाय आणलाय गो. वाच बघू काय तो.”

बाईंनी वर्गात वाचतात तसं ठणठणीत वाचलं. “फ्लॅट क्रमांक ३०२ येथील मृताची विल्हेवाट लावण्यात आली आहे. आपण समाधानी आहात का?”

“वास गेला ना?”

“गेला.”

“मग दे पाच तारे. नि साखर जरा जास्ती घाल.”

बाईंनी पाच तारे दिले आणि चहा टाकला. ‘सागरछाया’तल्या बेचाळीस जणांनी त्या संध्याकाळी पाच-पाच तारे दिले. ३०२मध्ये मेलं नेमकं कोण, असं एकानंही विचारलं नाही.

तसा संदेश मागे तुम्हालाही आला होता. तारे तुम्ही दिलेतच. कोण होतं ते?