गुडघ्याचा पुरावा

एका रविवारी पुरावेसाहेबांनी एक मोठा निर्णय घेतला: यापुढे आपलं दुखणं लपवायचं नाही. (ते त्यांनी आजवर कधीच लपवलं नव्हतं. पण निर्णय घ्यायचाच तर जरा भारदस्त घ्यावा.)

साहेब विमा कंपनीत दावे तपासायचे. "पुरावा जोडा" हे त्यांनी इतक्यांना ऐकवलं होतं की ऑफिसात त्यांचं आडनावच तसं पडलं. आणि नशिबाची थट्टा बघा, त्यांच्या स्वतःच्या डाव्या गुडघ्याला पुरावा म्हणून काही नव्हता. जिना उतरताना कळ यायची, खाली बसलं तर उठताना आई आठवायची, पण एक्स-रे निघाला स्वच्छ.

त्यात बायको शाळेत पीटी शिकवणारी. गळ्यात कायम स्टीलची शिट्टी. तिने एक्स-रे खिडकीशी धरला आणि निकाल दिला, "हाडं ठणठणीत आहेत. हा गुडघा किराणा वर आणायचा म्हटलं की दुखतो, आणि मॅच सुरू झाली की बरा होतो."

"अगं, खरंच दुखतो!"

"पुरावा?"

कळ सोसता येते हो, पण स्वतःच्या घरात खोटं ठरणं सोसत नाही. साहेब तडक डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, "एक्स-रेत हाडं दिसतात. हाडांवरची मऊ कूर्चा झिजली असेल तर ती एमआरआयमध्येच नीट दिसेल. करून टाकू."

पण एमआरआयच्या दिवशी साहेब उठले, दोन पावलं चालले आणि दचकून थांबले. गुडघा दुखत नव्हता! वर्षभर इमानेइतबारे ठणकणारा गुडघा ऐन वेळी फितूर झाला होता. आता यंत्रात काय दिसणार, कप्पाळ? बायको तर जन्मभर ऐकवेल.

हॉस्पिटलात बायको चौकशीच्या खिडकीपाशी गेली, तशी साहेबांनी संधी साधली आणि जिना गाठला. वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. गुडघा ढिम्म. चौथ्या फेरीला ते दोन-दोन पायऱ्या गाळत चढत होते, आणि वरच्या वळणावर कंबरेवर हात ठेवून बायको उभी होती.

"काय चाललंय?"

"दु... दुखवतोय," साहेब धापा टाकत म्हणाले.

"माझ्या सातवीच्या टीममध्ये सुद्धा असं कुणी चढत नाही," एवढंच बोलून ती पुढे निघाली. साहेब मान खाली घालून मागोमाग.

एमआरआयच्या दाराशी तंत्रज्ञाने हात आडवा केला. "आत मोठं चुंबक आहे. घड्याळ, पट्टा, किल्ल्या सगळं बाहेर. आणि मॅडम, ती शिट्टी आत अजिबात चालणार नाही."

बायको बाहेरच्या बाकावर बसली. साहेब आत आडवे झाले, गुडघा पिंजऱ्यासारख्या कव्हरमध्ये गेला आणि यंत्राने पत्र्यावर हातोडे मारल्यासारखा गोंगाट सुरू केला. "हलू नका" एवढीच अपेक्षा होती. आयुष्यात प्रथमच कुणीतरी साहेबांना त्यांच्या आवडीचं काम दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. "ही बघा कूर्चा. इथे पातळ झालीय, आणि वाटीच्या मागे चक्क खडबडीत. झिजेचा संधिवात आहे, पण सुरुवातीचा."

"म्हणजे खरंच झिजलीय?" साहेब खुर्चीतून उठलेच. "नक्की ना? काल सकाळी तर दुखत नव्हता!"

"दुखणं कमीजास्त होतं हो. झीज एका सकाळीत येत नाही, की जात नाही."

साहेबांनी विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. "चुकलंच माझं," ती हळूच म्हणाली. "तुम्ही खरं बोलत होतात आणि मी चेष्टा करत राहिले." साहेबांचे डोळे भरून आले. संधिवात झाल्याचा इतका आनंद जगात कुणाला झाला नसेल.

घरी येताच त्यांनी फिल्म खिडकीच्या काचेला चिकटवली. येईल त्याला दाखवली. शेजारच्या काकू चष्मा सावरत म्हणाल्या, "अगंबाई! बाळाचं डोकं वरच्या बाजूला दिसतंय." तरी साहेबांचा उत्साह मावळला नाही. किराणा आता बायकोने निमूटपणे वर आणला. साहेब सोफ्यावर पाय लांब करून मॅच बघत होते, आणि मॅच चालू असूनही गुडघा दुखत होता. याला म्हणतात खरा विजय!

तेवढ्यात बायकोने पिशव्या ठेवल्या, टीव्ही बंद केला आणि जमिनीवर सतरंजी अंथरली.

"हे काय?"

"तुम्ही फिल्म मिरवत पुढे निघालात, तेव्हा मी डॉक्टरांना उपचार विचारला. म्हणाले, मांडीचे स्नायू बळकट करायचे आणि वजन उतरवायचं. रोज व्यायाम हवा, कुणीतरी समोर उभं राहून करून घ्यायला हवा." तिने शिट्टी ओठांना लावली. "आधी वाटायचं नाटक आहे, म्हणून सोडून देत होते. आता पुरावाच आहे म्हटल्यावर कसं सोडणार?"

शिट्टी वाजली. साहेबांनी पाय उचलला. दुसऱ्या शिट्टीला त्यांनी कण्हत विचारलं, "अगं, डॉक्टर पुन्हा कधी एमआरआय करायचं म्हणाले का?"

"आता गरज नाही म्हणाले. का हो?"

"काही नाही," साहेब म्हणाले. "तिथे शिट्टी चालत नाही."