साडूपेक्षा मोठी बॅटरी

साडूपेक्षा मोठी बॅटरी बसवायची, हे माझं पक्कं ठरलं होतं. गरज आहे का, हा प्रश्नच नव्हता. साडूकडे आहे ना? झालं तर!

साडू अगदी समोर राहतो. सोलर पॅनेल दोघांच्याही गच्चीवर आहेत. माझ्याकडे दोन जास्तच! पण बॅटरी फक्त त्याच्याकडे. त्यामुळे संध्याकाळी लाइट गेली की माझं घर काळंकुट्ट आणि त्याची खिडकी लख्ख! लगेच बायको शिवणाची पिशवी उचलते.

"अहो, मी ताईकडे बसते. भावजींनी किती विचार करून बॅटरी घेतली!"

मग मी अंधारात एकटाच जळत बसतो. उजेड मात्र पडत नाही.

सोलरवाला म्हणाला, "आठ दिवस संध्याकाळी काय काय चालवता ते वहीत लिहा. त्यावरून बॅटरी केवढी लागेल ते सांगतो."

"वापर जास्त, तर बॅटरी मोठी?"

"हो."

एवढंच हवं होतं! त्या दिवसापासून सूर्य मावळला की मी गिझर लावायचो, मिक्सर रिकामाच फिरवायचो आणि इस्त्री घेऊन बसायचो. कपडे संपले, पडदे झाले, शेवटी पायपुसणी काढली!

"डोकं ठिकाणावर आहे ना?" बायकोने विचारलं.

मी वहीत लिहिलं: पायपुसण्यांना इस्त्री, दोन तास.

आठव्या संध्याकाळी सोलरवाला दारात दिसताच मी घरातलं झाडून सगळं चालू केलं. पाण्याचा पंपसुद्धा! फट्! अंधार!

"बघा, गेली लाइट!" मी आनंदाने ओरडलो. "म्हणूनच म्हणतो, बॅटरी हवी!"

"गल्लीत सगळीकडे आहे की," तो म्हणाला. "तुमचाच फ्यूज उडालाय."

बायकोने पिशवी उचलली. वही वाचायला उजेड हवा म्हणून सोलरवालाही तिच्यामागे साडूकडे निघाला. नाइलाजाने मीही गेलो.

"पायपुसण्यांना दोन तास इस्त्री?" सोलरवाल्याने सगळ्यांसमोर मोठ्यांदा वाचलं. दोघी बहिणी पोट धरून हसल्या. मला तोंड कुठे लपवू असं झालं.

साडूने मला दंडाला धरून बाहेर ओढलं.

"साडूभाऊ, घ्या हो बॅटरी! माझ्यापेक्षा मोठी घ्या, पण घ्या!"

"का बरं?"

"लाइट गेली की या दोघी माझ्या हॉलभर कापड पसरून बसतात. मला टेकायला जागा नाही! आणि तुम्ही? अख्ख्या घरात एकटे, निवांत! हेवा वाटतो हो तुमचा!"

हेवा? माझा? मला इतकं बरं वाटलं की मी तिथल्या तिथे बॅटरी रद्द केली!

पुढच्या वेळी लाइट गेली तेव्हा मीच बायकोच्या हातात पिशवी दिली आणि अंधारात खुर्चीत पाय पसरून निवांत बसलो. पाच मिनिटांत दार वाजलं. आपली आरामखुर्ची डोक्यावर घेऊन साडू उभा!

"जरा सरका," म्हणाला आणि माझ्या शेजारी ऐसपैस पहुडला.

काय सांगू तुम्हाला, अंधारातसुद्धा दिसत होतं. त्याची खुर्ची माझ्या खुर्चीपेक्षा चांगली होती!